गळतं कुठे, ठिबकतं कुठे



गेले दोन महिने काही लिहिलं नाही, तेव्हा तुमच्यापैकी दोघीतिघींनी फोन करून तब्येत विचारली. तब्येत उत्तम आहे. मे महिन्यात मी गोव्याला लेकीकडे होते आणि तिथे चक्क एका जुन्या शिडाच्या बोटीची गळती काढत होते. हसू नका. कोल्हारच्या बाईचा आणि बोटीचा संबंध किती, तर प्रवरेला पूर आला की पुलाच्या कडेला उभं राहून पाणी बघायचं आणि घरी यायचं, तेवढाच.

आमच्या जावयांनी तीन वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीत ही बोट घेतली. १९८४ सालची, अठ्ठावीस फुटी, फायबरची. माझ्या मुलीच्या मते ते बोट घेणं नव्हतं, सवत आणणं होतं. दर रविवारी जावई तिकडे. मी गेल्या गेल्या मुलीने बोटीच्या खर्चाची वही माझ्यापुढे टाकली. "मम्मी, तू बी.कॉम. आहेस ना, तूच बघ." मी १९८१ ची बी.कॉम.; वही दिसली की मला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. बघितलं, तर एकच नाव पानापानावर: हॅच, हॅच, हॅच. रबर बदललं. सिलिकॉन आणलं. परत रबर. परत सिलिकॉन. हॅच म्हणजे बोटीच्या छताला उजेड-वाऱ्यासाठी आणि आत-बाहेर करण्यासाठी ठेवलेलं चौकोनी झाकण. अॅल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात जाड अॅक्रिलिकची काच. तेच गळत होतं. तीन पावसाळे.

बोट मांडवीत बांधून ठेवलेली असते. समोर दिवाड बेट. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे जाता येतं. याच दिवाडला आपल्या नौदलाची 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, अशी प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. पुढे तशीच 'तारिणी' झाली आणि तिच्यातून सहा मुली २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून निघून २०१८ च्या मे महिन्यात परत आल्या. हे सगळं जावयांनी मला फेरीच्या धक्क्यावर उभं राहून सांगितलं. मी म्हटलं, "त्या मुलींच्या अंथरुणावर पाणी ठिबकत होतं का हो?" ते हसले. "मम्मी, समुद्रात कुठली बोट गळत नाही?"

तुमच्या मनात येईल की, पाणी गाळून पिणारी माणसं आपण, बोटीत बसायला कशी गेलो. माझ्याही मनात आलं होतं. पाण्यावर फिरायला मी गेले नाही. बोट दोरानं बांधलेली होती, ती जागची हलली नाही, आणि मी त्या दिवशीच्या मर्यादेत तेवढी जागा धरूनच गेले होते. दुपारी उन्हाचा तडाखा होता. मुलगी म्हणाली, आत गार आहे. आत झोपायला दोन्हीकडे फळ्या असतात, त्यांना बंक म्हणतात. त्यातल्या एकावर मी कटासन टाकलं, मुहपत्ती बांधली आणि सामायिक घेतलं. अर्धा तास झाला असेल. वळवाची सर आली, आणि टप्प करून एक थेंब माझ्या मनगटावर. मग दुसरा, कटासनावर. सामायिकात कच्च्या पाण्याचा संघट्टा! उठताही येईना. अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत मी त्या थेंबांकडे बघत बसले. नवकार सुटला आणि थेंब मोजले गेले, ते मात्र कबूल करते.

सामायिक पारल्यावर म्हटलं, "जावईबापू, आता हे झाकण दुरुस्त होईपर्यंत मी कोल्हारला जात नाही."

त्यांनी हॅचकडे बोट दाखवलं. "रबर गेलंय परत." मी विचारलं, "कशावरून?" ते जरा थांबले. तीन वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. झाकण गळतं म्हणजे झाकणाचं रबर गेलं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

इथे मला माझ्या हिशेबाच्या बाई आठवल्या. ताळेबंद जुळला नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाका, म्हणायच्या, पण तो सापडेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या खात्यावर ढकलू नका. आम्ही दोघांनी तेच करायचं ठरवलं. रबराच्या खात्यावर काही टाकायचं नाही. आधी शोधायचं.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती मला फार आवडली. थेंब बोटावर घेऊन चाखला. खारट असेल तर लाटेचं पाणी, गोड असेल तर पावसाचं. गोड होता. पुष्कळदा गळतीच नसते म्हणे, माणसांच्या श्वासाची वाफ गार काचेला लागते आणि तीच ठिबकते. पण आमचा थेंब पावसाबरोबर सुरू झाला आणि पावसामागून थांबला, म्हणजे वाफ नाही.

दुसरं, खडूची परीक्षा. रबर कोरडं पुसून त्यावर खडू फिरवायचा, झाकण लावायचं, कडी ओढायची, उघडायचं. समोरच्या कडेवर खडूची रेघ उमटते. जिथे रेघ तुटली, तिथे रबर टेकत नाही. आमची रेघ चारही बाजूंनी अखंड होती. म्हणजे ज्या रबरावर वहीची तीन पानं खर्ची पडली, ते बिचारं निर्दोष. मुलगी वरून म्हणाली, "म्हणजे पैसे वायाच ना?" जावई काही बोलले नाहीत.

तिसरं, पाणी घालून बघणं. ते नळाची नळी आणायला निघाले, मी अडवलं. एवढं पाणी उगाच सोडायचं? अनर्थदंड आपल्याला सांगितलाय तो कशासाठी? एक बादली पाणी गाळून घेतलं आणि बागेची झारी. झालं असं की झारीनेच काम नीट झालं. नळी मारली असती तर सगळीकडे एकदम पाणी झालं असतं आणि काहीच कळलं नसतं. झारीने सगळ्यात खालच्या कडेपासून सुरुवात करायची, एका जागी दहा मिनिटं बारीक धार, मग थोडं वर. वरून सुरू केलं तर ओघळ खाली येतो आणि खालची जागा उगाच चोर ठरते. ते वर, मी आत टॉर्च घेऊन, हातात कोरडा टिश्यू पेपर. चौकटीच्या कडेकडेने पेपर टेकवत राहायचं. डोळ्याला ओल दिसायच्या आधी कागदाला कळते.

खालची कड, कोरडी. डावी, कोरडी. काचेचा जोड, कोरडा. उजवा वरचा कोपरा, बिजागरीच्या मागे, आणि कागदावर बारीक ठिपका आला. एका स्क्रूच्या तोंडाशी. मी ओरडले. ते पाणी स्क्रूतून आत येत होतं, छताच्या आतल्या अस्तरावरून एक वीत तिरकं चालत होतं आणि मग जिथे अस्तराला जरासा पोक होता तिथे ठिबकत होतं. थेंबाच्या डोक्यावर भोक नव्हतंच. त्यामुळे तीन वर्षं सगळ्यांनी भलत्याच जागी सिलिकॉन चोपडलं.

लहानपणी पाथर्डी बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणी असतील. नऊ तत्त्वं पाठ करताना नावेचा दाखला आपण सगळ्यांनी लिहिलाय. भोकातून नावेत पाणी शिरतं तो आस्रव, भोक बुजवणं तो संवर, आत साठलेलं उपसून टाकणं ती निर्जरा. उत्तराध्ययनाच्या तेविसाव्या अध्ययनात केशीस्वामी आणि गौतमस्वामींच्या संवादातही छिद्र असलेली नाव येते, ती पैलतीराला जात नाही. मी हे पन्नास वर्षं ऐकतेय. माझ्या डोळ्यांसमोर प्रत्येक वेळी एक भलंमोठं भगदाड यायचं आणि त्यातून धो धो येणारं पाणी. इथे भोक होतं स्क्रूच्या जाडीचं, तेही नीट पिळून बसवलेल्या स्क्रूच्या बाजूने. आणि भोक कुठे आहे ते सापडायलाच एक दिवस गेला. परीक्षेच्या उत्तरात शोधण्याला मार्क नव्हते, बुजवण्याला होते.

आता पुढचं काम, जे मला जड गेलं. बारा स्क्रू काढले. दोन गंजून अडकलेले, त्यांच्या डोक्याला झाळायची कावी तापवून टेकवली तेव्हा फिरले. चौकट प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हळूहळू उचलली. लोखंडी हत्यार घातलं तर फायबर चरे पडून खराब होतं. चौकट निघाली आणि खालचं लाकूड दिसलं. बोटीच्या छताला वर-खाली फायबर आणि मध्ये हलक्या लाकडाचा गाभा असतो. त्या कोपऱ्यात तो काळा, ओला आणि वर पांढरट-हिरवी लीलन-फुलन.

मी रोज इरियावहियं म्हणते. तुम्हीही म्हणता. त्यात दव येतं, ओली माती येते, बुरशी येते, कोळ्याचं जाळं येतं. पायाखाली आलेल्या एवढ्या एवढ्या जीवांची आपण दिवसातून किती वेळा माफी मागतो. आणि इथे ती बुरशी माझ्यासमोर, आणि जावयांच्या हातात खरवडायची पटाशी. मी म्हटलं, थांबा. ते थांबले. मग मीच विचार केला की थांबून काय होणार? ठेवली तर ती पसरणार, अजून लाकूड जाणार, अजून जीव होणार आणि मरणार. निगोदाचे अनंत जीव एवढ्याशा जागेत, हे आपणच मुलांना शिकवतो. पाप आज पटाशी लावताना होत नव्हतं. ते तीन वर्षांपूर्वी, पहिला थेंब पडला आणि वरवर सिलिकॉन चोपडलं तेव्हापासून होत होतं. तरीही मी तिथून उठून बाहेर जाऊन बसले. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात वेगळं आलोवलं. कुणी म्हणेल, ही पळवाट. असेल.

सडलेलं लाकूड काढून झाल्यावर दोन दिवस तो भाग नुसता सुकवला. दिवसा ऊन, रात्री बल्ब, पाऊस आला तर वर ताडपत्री. घाई करायची नाही, कारण आत ओल राहिली आणि वरून बंद केलं की ओल आतल्या आत काम करते. मग गाभ्याच्या जागी इपॉक्सी भरलं. स्क्रूची बाकीची भोकंही मुद्दाम मोठी करून इपॉक्सीने भरली, ते कडक झाल्यावर त्यातच नवीन बारीक भोकं पाडली. म्हणजे पुढे कधी स्क्रूपाशी पाणी आलंच तरी ते लाकडाला शिवणार नाही.

चौकटीखाली सिलिकॉन नाही. जुनं सिलिकॉन खरवडायलाच अर्धा दिवस गेला, आणि त्याचा अंश राहिला तर वर दुसरं काही चिकटत नाही. त्याऐवजी ब्यूटाइल टेप लावली. करड्या रंगाची, चिंगमसारखी चिवट पट्टी, कधीच पूर्ण वाळत नाही, म्हणून ऊन-थंडीत चौकट हलली तरी तीही तिच्याबरोबर हलते. प्रत्येक स्क्रूच्या मानेला त्याच टेपची बारीक वळी करून गुंडाळायची. हे काम माझ्याकडे होतं. वाती वळायची सवय नाही आपल्याला, पण शेवया वळलेल्या आहेत. मग स्क्रू एकदम पिळायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे, दुसऱ्या दिवशी परत थोडे, तिसऱ्या दिवशी परत. टेप हळूहळू दबते आणि कडेने बाहेर येते, ती कापून टाकायची. एकदम आवळलं तर सगळी टेप बाहेर येते आणि चौकटीखाली काही उरतच नाही.

रबराला ग्रीस लावायचं होतं. मी डबा हातात घेऊन विचारलं, यात चरबी? सिलिकॉनचं आहे, म्हणाले. जुन्या लाकडी होड्यांना माशाचं तेल लावायचे, तेवढं काही इथे नाही म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. काच मात्र स्पिरिटने पुसू दिली नाही त्यांनी, अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं.

चौथ्या दिवशी परत झारी. कागद कोरडा. मुलीने वहीत एक ओळ लिहिली: टेप, इपॉक्सी, सँडपेपर. तीन वर्षांत मिळून लागले त्याच्या चौथा हिस्साही खर्च नव्हता. "बोट विकू नका," असं मात्र ती अजून म्हणालेली नाही, हेही सांगून ठेवते.

आता कोल्हार.

आमचा वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. आधी माळवद होतं. दरवर्षी पावसाच्या आधी वर पांढरी माती टाकायची, आणि मधोमध उजेडासाठी सवणं. पाऊस आला की सासूबाई मला सवण्यावर घमेलं पालथं घालायला वर पिटाळायच्या. १९९६ साली यांनी आणि भावजींनी मिळून माळवद उतरवलं, स्लॅब टाकला. सवण्याच्या जागी लोखंडी चौकट आणि फायबरचं झाकण. २०११ मध्ये वाटणी झाली, मध्ये भिंत आली, स्लॅब वर एकच राहिला. झाकण माझ्याकडे एक, जाऊबाईंकडे एक.

२०१३ मध्ये जाऊबाईंनी गच्चीवर भिंतीलगत पाण्याची टाकी बसवली. त्याच पावसाळ्यात माझ्या सामायिकाच्या कोपऱ्यात, सामायिक भिंतीला ओल आली. दोन अधिक दोन. मी म्हटलं, तुमच्या टाकीचं पाणी आहे. ती म्हणाली, नाही. मी गवंड्यासमोर म्हणाले, नऊ माणसांत म्हणाले, "वाटणीत भिंत दिली, आता वर पाणीपण द्या." हे वाक्य माझंच आहे. तेव्हा फार चपखल वाटलं होतं. त्यानंतर तिचं येणं बंद झालं.

बारा वर्षं. स्थानकात भेटतो. संवत्सरीला हात जोडतो, खमत-खामणा करतो, नजर मात्र एकमेकींच्या खांद्यावरून जाते. यांच्या जाण्याच्या वेळी ती चार दिवस आमच्याकडे राबली, तेराव्या दिवशी परत गेली आणि परत तेच. कषाय पंधरा दिवसांचा, चार महिन्यांचा, वर्षाचा आणि जन्माचा, हे चार प्रकार मी पाठशाळेत मुलांना शिकवते. शेवटच्याला दगडातल्या भेगेचा दाखला देते.

गोव्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या भिंतीसमोर बसले आणि पहिल्यांदा मनात आलं, कशावरून?

चातुर्मासात गच्चीचं काम काढायचं नाही, त्यामुळे आषाढी चौदसच्या आधीच काय ते व्हायला हवं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी गाळलेलं पाणी, झारी, टॉर्च घेतली. वर मी, पण आत कोण? जाऊबाईंचा नातू, दहा वर्षांचा, गच्चीवर पतंगाचा दोरा सोडवत होता. मुलांना भिंती नसतात. "मोठ्या आजी, काय करताय?" त्यालाच खाली बसवलं, टिश्यू पेपर दिला आणि काय बघायचं ते सांगितलं.

खरं सांगते, पहिली धार मी त्यांच्या टाकीखाली धरली. खालून वर जायचं वगैरे सगळं विसरून. दहा मिनिटं. "आलं का?" "नाही!" अजून दहा मिनिटं धरली. "आलं का रे?" "नाही, मोठ्या आजी, कोरडं आहे." मग भिंतीच्या कडेने. नाही. मग माझं झाकण. खालची कड, नाही. बिजागरीची बाजू, लोखंडी चौकट आणि सिमेंट जिथे भेटतात तिथे केसाएवढी चीर होती. मी धार धरली, मनात तीस-चाळीस मोजले असतील.

"आलं! आलं! भिंतीतून आलं!"

झाकण एकीकडे, भिंत सात फूट पलीकडे. नंतर वायरमन आला त्याने उलगडा केला. लोखंडी चौकट गंजली, गंज फुगतो, त्याने सिमेंट ढकललं आणि चीर पडली. चिरेतलं पाणी स्लॅबमधल्या वायरीच्या पाइपात शिरलं आणि पाइप थेट भिंतीतल्या बटणाच्या पेटीपाशी उतरत होता. बारा वर्षं माझ्याच झाकणाचं पाणी विजेच्या पाइपातून, त्या भिंतीत. "बाई, शॉक बसला नाही हे नशीब," म्हणाला. तीनदा वॉटरप्रूफिंग केलं होतं मी त्या भिंतीला. वहीत आहे सगळं, २०१४, २०१७, २०२१, आणि तिन्ही ठिकाणी कंसात तिचं नाव लिहिलेलं आहे.

चौकट काढली, गंज घासला, प्रायमर मारला. गवंड्याकडून भोकाभोवती चार इंचाचा कठडा उचलून घेतला, म्हणजे साठलेलं पाणी चौकटीपर्यंत पोचणारच नाही. चौकटीखाली सिमेंट नाही, जावयांनी दिलेली उरलेली टेप. स्क्रू तीन दिवसांत थोडे थोडे. गवंडी म्हणाला, अशी चिकटपट्टी लावून कुणी लोखंड बसवतं का? मी म्हटलं, बोटीला बसवतात. तो काही बोलला नाही, पण गावात सांगितलं असणार.

नातवाने घरी सांगितलंच असणार हे मला ठाऊक होतं. तरी मला जायला चार दिवस लागले. संवत्सरी पुढे आहेच, तेव्हा बोलू, असंही एकदा मनात आलं. मग पक्खीच्या दिवशी दुपारी, चौविहाराच्या आधी बराच वेळ हाताशी ठेवून, मी अंगण ओलांडून गेले. जाऊबाई गवार निवडत होत्या. मला बघून उठल्या, पाट दिला. मी बसले नाही. म्हटलं, "त्या पाण्याचं. टाकी नव्हती. माझं झाकण होतं. गवंड्यासमोर जे बोलले..." पुढचं वाक्य मी वाटेत तयार करून आणलं होतं, ते आठवेना. हात जोडले.

तिने गवारीची ताटली बाजूला सरकवली. म्हणाली, "भाभी, मला माहीत होतं. यांनी त्याच वर्षी वर जाऊन तुमची चीर बघितली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

मी बसले. गवार निवडायला घेतली. बराच वेळ दोघी काही बोललो नाही, नुसता शेंगा मोडल्याचा आवाज. मग तीच म्हणाली, "ती टेप उरलीय का थोडी? आमच्याही झाकणाखाली यंदा ओल दिसतेय. पण आधी बघून घेऊ, झाकणच आहे की टाकी."